विश्लेषण : सुमारे २०० शोध, ४० पेटंट, ‘भारतीय एडिसन’ शंकर आबाजी भिसे कोण होते? त्यांच्या आयुष्यातून आजच्या संशोधकाने काय घ्यावे?

डिजिटल डेस्क, उमापूर (जि. बीड)

गेवराई तालुक्यातल्या उमापूरसारख्या गावात वेल्डिंगच्या एखाद्या दुकानात चक्कर मारली, तर काही ना काही नवे दिसतेच. कुणी सरकी टोकण्याच्या यंत्राला वेगळी चकती बसवलेली असते, कुणी सायकलच्या चाकावर कोळपे केलेले असते, कुणी फवारणीचा पंप दुचाकीला जोडलेला असतो. असे काही जमले की आजूबाजूचे लोक हमखास म्हणतात, याचे पेटंट घेऊन टाक. पण पेटंट म्हणजे नेमके काय, ते घेण्याआधी काय शोधायचे असते, चित्रे कसली काढायची असतात आणि पेटंट मिळाले की पैसा मिळतोच का, याची उत्तरे फारशी कुणाकडे नसतात.

ही उत्तरे समजून घ्यायची असतील तर एका मराठी माणसाचे आयुष्य पाहावे लागेल. त्या माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईहून थेट लंडन गाठले, तिथून न्यू यॉर्क गाठले, सुमारे २०० शोध लावले, ४० च्या आसपास पेटंट घेतली आणि जिवंतपणीच ‘भारतीय एडिसन’ अशी ओळख मिळवली. त्यांचे नाव शंकर आबाजी भिसे. आज इंजिनिअरिंगच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात एडिसन आणि टेस्ला यांची नावे अनेकदा येतात, भिसे यांचे नाव सहसा येत नाही. ते कोण होते आणि त्यांचे काय झाले, जाणून घेऊया.

भिसे यांची सुरुवात कशी झाली?

शंकर आबाजी भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. त्या काळात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहत होत्या, रेल्वे धावू लागून १४ वर्षे झाली होती आणि छापखान्यांचा धंदा वाढत होता. यंत्र म्हणजे काय, हे शहरातल्या मुलाला रोज डोळ्यांनी दिसत होते. मात्र यंत्र दुरुस्त करणे आणि नवे यंत्र तयार करणे यात मोठे अंतर होते. नवे यंत्र विलायतेहून येणार आणि आपण ते चालवणार, असाच तेव्हाचा रिवाज होता.

भिसे यांना लहानपणापासून यंत्रांचा नाद होता. शाळकरी वयातच त्यांनी घरच्या घरी कोळशापासून गॅस तयार करण्याचे साधन बनवल्याची नोंद आहे. इंग्लंड किंवा अमेरिकेत जाऊन संशोधक व्हायचे, हे त्यांनी किशोरवयातच ठरवले होते.

पुढे त्यांनी मुंबईत विज्ञानाची आवड असलेल्यांसाठी ‘सायंटिफिक क्लब’ सुरू केला आणि ‘विविध कलाप्रकाश’ हे मराठी मासिक चालवले. विज्ञान आणि यंत्रकला सामान्य वाचकाला त्याच्या भाषेत कळावी, हा त्यामागचा हेतू होता. याच काळात ते छोटी-मोठी साधने तयार करत होते. कुणी उघडली तर लगेच कळेल अशी बाटली आणि लोकल गाडीत पुढचे स्टेशन कोणते हे दाखवणारे साधन, ही त्यातली दोन उदाहरणे. आज लोकलच्या डब्यात पुढच्या स्थानकाचे नाव पाटीवर झळकते. ती गरज भिसे यांनी एकोणिसाव्या शतकातच ओळखली होती.

दृष्टिभ्रमाचे प्रयोग हाही त्यांचा आवडता विषय होता. १८९० च्या दशकात त्यांनी मँचेस्टरच्या ‘फ्री ट्रेड हॉल’मध्ये असे प्रयोग करून दाखवले आणि त्यांचे तिथे कौतुक झाले.

लंडनला जाण्याची संधी कशी मिळाली?

एका स्पर्धेमुळे. लंडनमधून संशोधकांसाठी निघणाऱ्या ‘इन्व्हेंटर्स रिव्ह्यू अँड सायंटिफिक रेकॉर्ड’ या नियतकालिकाने एक स्पर्धा जाहीर केली होती. किराणा दुकानात साखर, पीठ असा सुटा माल आपोआप वजन करून देणाऱ्या यंत्राचा आराखडा पाठवायचा होता. भिसे यांनी मुंबईहून आराखडा पाठवला आणि इंग्लंडमधल्या स्पर्धकांना मागे टाकून स्पर्धा जिंकली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. परीक्षकांनी यंत्र पाहिले नव्हते. त्यांच्यासमोर होती ती फक्त चित्रे आणि वर्णन. कागदावरचे चित्र इतके स्पष्ट होते की हजारो मैल दूर बसलेल्या माणसाला यंत्र कसे चालेल ते कळले. पेटंटच्या चित्राचे कामही नेमके हेच असते.

या यशामुळे मुंबईतल्या प्रतिष्ठितांचे लक्ष भिसे यांच्याकडे गेले. काँग्रेसचे नेते दिनशा वाच्छा यांनी लंडनमधल्या दादाभाई नौरोजींच्या नावे त्यांना पत्र दिले. १८९० च्या दशकाच्या अखेरीस भिसे लंडनला पोहोचले.

दादाभाईंना या तरुणात काय दिसले?

दादाभाई नौरोजी १८९२ ते १८९५ या काळात ब्रिटिश संसदेत खासदार होते. भारताची संपत्ती इंग्लंडकडे कशी वाहून जाते, हे आकडेवारीने मांडणारे ते अर्थतज्ज्ञ. भारतीय माणूस यंत्रकलेत युरोपीय माणसाच्या बरोबरीने उभा राहू शकतो, याचा चालताबोलता पुरावा त्यांना भिसे यांच्या रूपाने मिळाला. त्यांनी भिसे यांना पाठबळ दिले, पैसा उभा करायला मदत केली आणि ओळखी करून दिल्या.

लंडनमध्ये भिसे यांनी कामाचा धडाका लावला. विजेवर चालणारी, बदलत्या अक्षरांची जाहिरातीची पाटी त्यांनी तयार केली. ती लंडनच्या प्रसिद्ध क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली गेली. स्वयंपाकघरातली साधने, टेलिफोनमधील सुधारणा, आपोआप पाणी सोडणारे शौचालय असे अनेक शोध त्यांच्या नावावर जमा होऊ लागले. विषय कुठलाही असो, रोजच्या वापरातली अडचण शोधायची आणि तिच्यावर यंत्र काढायचे, अशी त्यांची पद्धत होती.

त्या काळी पेटंट कसे मिळायचे?

भिसे लंडनला गेले तेव्हा तिथे १८८३ चा पेटंट कायदा लागू होता. त्याआधी ब्रिटनमध्ये पेटंट ही श्रीमंतांची गोष्ट होती. अर्जालाच २५ पौंड लागत. १८८३ च्या कायद्याने हा खर्च ४ पौंडांवर आणला. आधी १ पौंड भरून तात्पुरते वर्णन द्यायचे आणि नंतर ३ पौंड भरून संपूर्ण वर्णन व चित्रे सादर करायची, अशी सोय झाली. पैसा नसलेल्या संशोधकासाठी ही फार मोठी गोष्ट होती.

पण पेटंट जिवंत ठेवणे स्वस्त नव्हते. मुदत होती १४ वर्षांची. पहिली चार वर्षे संपली की नूतनीकरणाचे शुल्क सुरू होई आणि ते दरवर्षी वाढत जाई. शुल्क थकले की पेटंट रद्द. शिवाय लंडनचे पेटंट फक्त ब्रिटनपुरते. अमेरिकेत हक्क हवा असेल तर तिथे वेगळा अर्ज, वेगळी चित्रे, वेगळा खर्च.

आणखी एक अडचण होती. आधी असा शोध कुणी लावला आहे का, याची तपासणी ब्रिटिश पेटंट कार्यालय सुरुवातीला करतच नसे. वर्णन नीट आहे ना, एवढेच पाहिले जाई. १९०२ च्या कायद्याने ही पद्धत बदलली आणि १९०५ पासून मागील ५० वर्षांच्या ब्रिटिश पेटंटमध्ये शोध घेणे सुरू झाले. अमेरिकेत मात्र अशी तपासणी १८३६ पासूनच होत होती. म्हणजे भिसे यांच्या उमेदीच्या काळातच ‘पेटंट सर्च’ हा ब्रिटनमधल्या पद्धतीचा भाग झाला.

भारतात पहिला पेटंट कायदा १८५६ मध्ये आला आणि पहिला अर्ज कोलकात्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांनी केला, तो पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी. हा कायदा ब्रिटिश भारतापुरता होता. उमापूरसह सगळा बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता.

‘भिसोटाइप’ काय होते?

भिसे यांचा सर्वांत महत्त्वाचा शोध म्हणजे छपाईचे खिळे ओतणारे यंत्र. ते ‘भिसोटाइप’ या नावाने ओळखले गेले. आज आपण मोबाइलवर ई-पेपर वाचतो, त्यामुळे खिळे म्हणजे काय हे थोडे समजावून घ्यावे लागेल.

जुन्या छापखान्यात प्रत्येक अक्षराचा धातूचा एक तुकडा असे, त्याला खिळा म्हणत. शिसे, कथिल आणि अँटिमनी यांचा वितळलेला मिश्रधातू साच्यात ओतून खिळे तयार होत. कप्प्याकप्प्यांच्या खोक्यातून एकेक खिळा उचलून जुळारी ओळ जुळवत असे. छपाई झाली की तेच खिळे परत आपापल्या कप्प्यात टाकायचे. दैनिकाचा एक अंक काढायचा म्हणजे हजारो खिळ्यांची ही हालचाल रोज रात्री करायची.

१८८० च्या दशकात अमेरिकेत दोन यंत्रे आली. ओटमार मेर्गेनथालर यांचे लायनोटाइप अख्खी ओळ एकदम ओतत असे. टॉलबर्ट लॅन्स्टन यांचे मोनोटाइप छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून एकेक अक्षर ओतत असे. या दोन यंत्रांनी छपाईचा जगभरचा धंदा बदलून टाकला आणि त्यांच्या कंपन्या बलाढ्य झाल्या.

भिसे यांनी थेट या क्षेत्रात उडी घेतली. त्यांच्या यंत्राची खिळे ओतण्याची क्षमता मिनिटाला सुमारे १२०० इतकी सांगितली जाते. त्या काळच्या प्रचलित यंत्रांपेक्षा हा वेग कितीतरी जास्त होता. असे यंत्र शक्य आहे का, याविषयी लंडनमधल्या जाणत्या अभियंत्यांनी शंका घेतली. भिसे यांनी १९०८ मध्ये यंत्र चालवून दाखवले.

इंजिनिअरच्या नजरेने पाहिले तर आव्हान किती मोठे होते ते कळते. वितळलेला धातू साच्यात जायला, थंड व्हायला आणि बाहेर पडायला वेळ लागतो. वेग वाढवला तर खिळ्यात हवेचे बुडबुडे राहतात किंवा साचा तापून उंची बिघडते. एका खिळ्याची उंची थोडी जरी कमी-जास्त झाली तर ते अक्षर कागदावर उमटत नाही किंवा कागद फाटतो. वेग आणि अचूकपणा दोन्ही एकाच वेळी साधणे, हा या यंत्राचा गाभा होता.

मराठी छपाईच्या दृष्टीने तर खिळ्यांचा प्रश्न आणखी अवघड. काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे यांमुळे देवनागरीला इंग्रजीच्या कितीतरी पट वेगवेगळे खिळे लागत. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये मुंबईत सुरू केलेला ‘निर्णयसागर’ छापखाना त्याच्या सुबक देवनागरी खिळ्यांसाठीच नावाजला गेला. ज्या मुंबईत भिसे वाढले, तिथे खिळ्याची किंमत छापखान्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होती.

यंत्र चालले, मग अडले कुठे?

भांडवलात. यंत्राचा नमुना एक असतो, कारखाना वेगळा असतो. ‘भिसोटाइप’ बाजारात आणायचे तर मोठी गुंतवणूक हवी होती आणि समोर पाय रोवून बसलेल्या कंपन्या होत्या. दादाभाईंच्या ओळखीने ब्रिटिश समाजवादी नेते हेन्री हाइंडमन यांनी भांडवल उभे करण्याचा प्रयत्न केला. मात्र तो यशस्वी झाला नाही. दादाभाई स्वतः १९०७ मध्ये वयोमानामुळे भारतात परतले. लंडनमधला आधार गेला.

१९०८ च्या अखेरीस भिसेही निराश होऊन भारताकडे निघाले. या प्रवासात जहाजावर त्यांची गाठ गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी पडली. गोखल्यांनी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि जमशेटजी टाटा यांचे धाकटे पुत्र रतन टाटा यांच्याकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला. त्यातून १९१० मध्ये ‘टाटा-भिसे इन्व्हेन्शन्स सिंडिकेट’ उभे राहिले आणि भिसे पुन्हा लंडनला गेले. एका भारतीय उद्योगपतीने भारतीय संशोधकाच्या पेटंटमागे पैसा लावावा, ही त्या काळात दुर्मीळ घटना होती.

पण दैव आड आले. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. ब्रिटनमधले कारखाने युद्धसाहित्याकडे वळले. नव्या छपाई यंत्रासाठी ना पैसा राहिला, ना माणसे. सिंडिकेटचे काम थांबले. रतन टाटा यांचे १९१८ मध्ये निधन झाले. गोखले त्याआधीच १९१५ मध्ये गेले होते, दादाभाई १९१७ मध्ये. ज्यांनी भिसे यांच्यावर विश्वास ठेवला, ते सगळे तीन-चार वर्षांत काळाच्या पडद्याआड गेले.

अमेरिकेत काय घडले?

युद्धाच्या काळातच भिसे न्यू यॉर्कला गेले. वय पन्नाशीच्या आसपास. या वयात नवा देश, नवे कायदे, नवे गुंतवणूकदार. तरी त्यांनी खिळे ओतण्याच्या यंत्राचा पिच्छा सोडला नाही. यंत्रात सुधारणा केल्या, नवी पेटंट घेतली आणि १९२० च्या सुमारास ‘भिसे आयडियल टाइप कास्टर’ या नावाने कंपनीही उभी केली. पण लायनोटाइप आणि मोनोटाइप यांची पकड तोपर्यंत आणखी घट्ट झाली होती. छापखान्यांनी ती यंत्रे घेतली होती, कामगार त्यांवर शिकले होते, सुटे भाग मिळत होते. नवे यंत्र चांगले असले तरी या सगळ्या व्यवस्थेला बाजूला सारणे सोपे नव्हते.

आर्थिक यश त्यांना मिळाले ते अगदी वेगळ्या क्षेत्रात. आजारपणात एका भारतीय औषधाने गुण आल्यावर त्यांनी त्या औषधाचा अभ्यास केला. त्यातूनच पुढे आयोडीनवर आधारित ‘ॲटोमिडिन’ हे द्रावण तयार झाले. त्याचे हक्क अमेरिकेतल्या औषध कंपनीला विकले गेले आणि भिसे यांना उतारवयात थोडे स्थैर्य लाभले. (हा त्या काळातला इतिहास आहे, औषधाचा सल्ला नव्हे.) ज्या यंत्रावर त्यांनी आयुष्याची वीस-पंचवीस वर्षे घालवली, त्याने जे दिले नाही, ते औषधाने दिले.

न्यू यॉर्कमध्ये त्यांनी अध्यात्म आणि तत्त्वज्ञानाशी संबंधित कामही केले. ज्यांच्या नावाने त्यांना ओळखले जात होते, त्या थॉमस अल्वा एडिसन यांची आणि त्यांची भेट १९३० मध्ये झाली. त्यानंतर वर्षभरातच एडिसन यांचे निधन झाले. भिसे यांचे निधन ७ एप्रिल १९३५ रोजी न्यू यॉर्कमध्ये झाले. त्यांना ६८ वे वर्ष पूर्ण व्हायला तीन आठवडे बाकी होते.

इतकी पेटंट असून ते विस्मरणात का गेले?

याची तीन कारणे दिसतात.

पहिले कारण पेटंटच्या स्वरूपातच आहे. पेटंट म्हणजे पैसे मिळण्याची हमी नव्हे. ठरावीक मुदतीत इतरांना तो शोध वापरण्यापासून रोखण्याचा तो हक्क आहे. उत्पादन करणे, विकणे किंवा कुणाला परवाना देणे, हे सगळे संशोधकालाच करावे लागते.

दुसरे कारण मुदत. ब्रिटनमध्ये १४ वर्षे, अमेरिकेत मंजुरीपासून १७ वर्षे. भांडवल शोधण्यात जाणारे प्रत्येक वर्ष या मुदतीतून वजा होत होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झालेली ‘भिसोटाइप’ची धडपड तिसऱ्या दशकापर्यंत चालली. एवढ्या काळात सुरुवातीच्या पेटंटची उपयुक्तता संपत जाते.

तिसरे कारण म्हणजे वारसा. भिसे यांच्या नावाचा कारखाना भारतात उभा राहिला नाही. एडिसन यांच्या मागे प्रयोगशाळा होती, कंपन्या होत्या, वकिलांची फौज होती. भिसे यांच्या मागे कागद राहिले. आणि पुढे ऑफसेट छपाई व संगणक आल्यावर तर खिळे ओतण्याची विद्याच इतिहासजमा झाली.

त्यांची पेटंट आज पाहता येतात का?

हो, जुनी पेटंट आज मोफत पाहता येतात. गुगल पेटंट्स आणि युरोपीय पेटंट कार्यालयाचे एस्पासनेट या संकेतस्थळांवर शंभर वर्षांपूर्वीचे दस्तऐवजही आहेत. पण शोधताना एक युक्ती लागते. भिसे यांचे आडनाव इंग्रजीत एकाहून अधिक प्रकारे लिहिले गेले आहे. जुन्या छापील पानांवरून संगणकाने वाचलेल्या मजकुरात चुकाही असतात. त्यामुळे फक्त नावावर विसंबून चालत नाही.

अशा वेळी वर्गीकरण कामी येते. जगभरातली पेटंट आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘ए’ ते ‘एच’ अशा आठ विभागांत लावलेली असतात. खिळे ओतण्याची आणि जुळवण्याची यंत्रे ‘बी ४१ बी’ या वर्गात येतात. शेतीची यंत्रे ‘ए ०१’ मध्ये, त्यातही पेरणीची ‘ए ०१ सी’ मध्ये. हा वर्ग धरून शोधले की नाव माहीत नसलेल्या संशोधकाचे कामही समोर येते.

उमापूरच्या टोकण यंत्रालाही हेच लागू होते. आपला शोध नवा आहे, असे गावात कुणी पाहिले नाही म्हणून ठरत नाही. जगात कुठेही, कुठल्याही भाषेत तो आधी प्रसिद्ध झालेला असेल तर तो नवा नाही. भारतातली पेटंट पाहण्यासाठी पेटंट कार्यालयाची ‘इनपास’ ही मोफत सोय आहे. अर्जावर पैसे घालण्याआधी दोन-चार दिवस शोधाशोध केली तर पुढचा मोठा खर्च आणि मनस्ताप वाचतो.

पेटंटचे चित्र आणि वर्कशॉपचे ड्रॉइंग यात फरक काय?

इंजिनिअरिंगला शिकवतात ते ड्रॉइंग कारागिराने वस्तू बनवावी यासाठी असते. त्यात मापे, टॉलरन्स, धातूचा प्रकार सगळे लिहिलेले असते. पेटंटच्या चित्रात सहसा मापे नसतात. त्यात कल्पना दाखवायची असते. प्रत्येक भागाला क्रमांक देतात आणि वर्णनात त्याच क्रमांकाने तो भाग समजावतात. मापे दिली तर आपलाच हक्क त्या मापापुरता आकसल्यासारखा होऊ शकतो.

भिसे यांच्या काळात ही चित्रे जाड पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने हाताने काढली जात. आज संगणकावर काढतात, पण शिस्त तशीच आहे. भारतीय नियमांनुसार चित्र ए-४ कागदावर हवे. वर आणि डावीकडे किमान ४ सेंटिमीटर, खाली आणि उजवीकडे ३ सेंटिमीटर समास हवा. डाव्या कोपऱ्यात वर अर्जदाराचे नाव, उजव्या कोपऱ्यात वर पानांची संख्या आणि क्रमांक, तर उजवीकडे खाली सही. चित्रावर वर्णनाचा मजकूर लिहायचा नाही.

आज पेटंट घ्यायचे तर काय करावे लागते?

भारतात सध्या १९७० चा पेटंट कायदा लागू आहे, त्यात २००५ पर्यंत मोठे बदल झाले. मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची आहे. ठळक मुद्दे असे :

• आधी अर्ज, मग प्रचार. यंत्राचा व्हिडिओ यूट्यूबवर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, प्रदर्शनात मांडला, तर नवेपणा जाऊ शकतो. काही अपवाद आहेत, पण त्यांवर भिस्त ठेवू नये.

• काम अपुरे असेल तर तात्पुरत्या वर्णनासह अर्ज करून तारीख पक्की करता येते. संपूर्ण वर्णन त्यानंतर १२ महिन्यांच्या आत द्यावेच लागते. भिसे यांच्या काळातल्या १ पौंडाच्या सोयीचेच हे आजचे रूप.

• वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क १,६०० रुपये आणि तपासणीच्या विनंतीचे साधारण शुल्क ४,००० रुपये आहे. पेटंट एजंटची फी वेगळी. मंजुरी मिळाल्यावर, अर्जाच्या तारखेपासून मोजलेल्या तिसऱ्या वर्षापासूनचे नूतनीकरणाचे शुल्क भरावे लागते.

• शेतीचे यंत्र पेटंटयोग्य असू शकते, शेती करण्याची पद्धत नाही. परंपरागत ज्ञानालाही पेटंट मिळत नाही.

• महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतात, पण अर्ज घरबसल्या ऑनलाइन करता येतो. ग्रामीण संशोधकांना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान (एनआयएफ) ही सरकारी संस्था पेटंटसाठी साह्य करते.

• भारतीय पेटंट भारतापुरतेच. परदेशात हक्क हवा असेल तर ठरलेल्या मुदतीत तिथे वेगळा अर्ज करावा लागतो.

भिसे यांच्या आयुष्यातून काय घ्यायचे?

भिसे यांना शोध लावता येत होते, चित्रे काढता येत होती, पेटंट मिळवता येत होती. दादाभाई, गोखले आणि टाटा यांच्यासारखी माणसेही त्यांच्या पाठीशी होती. तरीही त्यांचे यंत्र गावोगावच्या छापखान्यांत पोहोचले नाही. त्यामुळे पेटंटच्या अर्जावर सही करतानाच पुढचे प्रश्न विचारायला हवेत. हे यंत्र कोण बनवणार? ते कोण विकत घेणार? सुटे भाग कुठे मिळणार? स्वतः कारखाना काढायचा, की एखाद्या कंपनीला परवाना देऊन रॉयल्टी घ्यायची? पहिल्या तीन-चार वर्षांचे शुल्क कुठून भरायचे? या प्रश्नांची उत्तरे जुळत नसतील, तर घाईने पेटंट घेण्याऐवजी यंत्र आधी पक्के करणे शहाणपणाचे ठरते. मात्र ते करताना यंत्राची कल्पना गुप्त ठेवावी लागते.

मुंबईतून पाठवलेल्या एका आराखड्याने भिसे यांना लंडनचे दार उघडून दिले. आज तसा आराखडा उमापूरमधूनही ऑनलाइन दाखल करता येतो. भिसे यांच्या हाती नव्हत्या अशा बऱ्याच सोयी आजच्या संशोधकाच्या हाती आहेत. त्यातली पहिली म्हणजे जुनी पेटंट पाहण्याची. सुरुवात तिथून करावी. शोधताना ‘बी ४१ बी’ या वर्गात एकदा डोकावलात, तर शंभर वर्षांपूर्वीच्या पानांवर भिसे हे मराठी आडनाव दिसण्याची शक्यता आहे.